बूड काळं पडतंय, पण जमिनीत चुना कमी नाही

वाचकाचं पत्र: "नमस्कार. आम्ही केज तालुक्यातले. मालक पुण्याला कंपनीत असतात, शेती मी आणि सासरे बघतो. काळ्या भारी रानात एक एकर टोमॅटो आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लावला. पाच फुटांवर बेड, मल्चिंग पेपर, ठिबकचे ड्रीपर ४० सेंटीमीटरवर, ताशी २ लिटरचे. पाणी बोअरचं, जड आहे, भांड्यांना पांढरं बसतं. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, म्हणून आठवड्यातून दोनदा सहा-सहा तास मोटर चालवतो. लागवडीला चार ट्रॉली शेणखत आणि १०:२६:२६ च्या दोन गोण्या टाकल्या. पंधरा दिवसांनंतर प्रत्येक पाण्याला १९:१९:१९ पाच किलो देते. खत पहिल्या तासात सोडून देते, मग मोटर चालू राहते. आता फळं लिंबाएवढी झालीत आणि त्यांचं बूड काळं पडतंय. शेंड्याची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. दुपारी झाडं माना टाकतात. सासरे म्हणतात पाणी कमी पडतंय. दुकानदाराने कॅल्शियमच्या फवारणीच्या तीन बाटल्या दिल्या, फरक नाही. ठिबक किती वेळ चालवावं आणि कोणतं खत किती द्यावं, हे सांगा. आणि हा प्लॉट संपला की उन्हाळी टोमॅटो लावावा का?"

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "खत पहिल्या तासात सोडून देते, मग मोटर चालू राहते." तुमचा निम्मा प्रश्न त्याच वाक्यात आहे. त्याच्याकडे येतो, पण आधी पाण्याचा हिशेब करू.

पाच फुटांचा बेड आणि ४० सेंटीमीटरवर ड्रीपर धरला तर एकरात साधारण ६,६०० ड्रीपर बसतात. प्रत्येकी ताशी २ लिटर म्हणजे तासाला १३,००० लिटरच्या थोडं वर पाणी रानात जातं. तुम्ही आठवड्याला बारा तास चालवता, म्हणजे एक लाख ५८ हजार लिटरच्या आसपास.

आता पिकाची गरज बघा. आपल्याकडे जानेवारीत दिवसाला साडेचार-पाच मिलिमीटर बाष्पीभवन होतं. हा आकडा उघड्या पात्रात मोजलेला असतो, म्हणून त्याला आधी ०.७५ ने गुणायचं, मग पिकाच्या अवस्थेच्या गुणकाने. भर फळधारणेतल्या टोमॅटोचा गुणक १.१५ धरतात. उत्तर येतं रोज चार मिलिमीटरच्या जवळपास. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर, तेव्हा रोजची गरज १६ हजार लिटर आणि आठवड्याची एक लाख १२ हजार. दर आठवड्याला ४६ हजार लिटर जास्तीचं जातंय. मार्च-एप्रिलमध्ये ज्या गावांत दहा हजार लिटरच्या टँकरसाठी लोक वाट बघतात, तिथे साडेचार टँकर पाणी टोमॅटोच्या मुळांखालून निघून जातंय.

पण जास्तीपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे हे पाणी येतं कसं. सहा तास सलग पाणी आणि मग तीन-चार दिवस काहीच नाही. आपली भारी काळी माती पाणी सावकाश पिते आणि सावकाश सोडते. सहा तासांच्या पाण्यानंतर मुळांभोवतीची पोकळी पाण्याने भरते, हवा निघून जाते. मुळांना श्वास घेता येत नाही, आणि श्वास नसला की पाणी समोर असूनही ती ओढू शकत नाहीत. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झाडं माना टाकत असतील, तर ती तहानेने नाही, गुदमरून. मामंजींचा डोळा खोटा नाही, त्यांना दिसतंय ते खरंच आहे. पाटाने पाणी देताना सुकलेलं झाड म्हणजे कोरडी जमीन, हे गणित बरोबर होतं. मल्चिंगखाली ठिबक असलं की ते गणित बदलतं, कारण वरून काहीच दिसत नाही.

म्हणून वाद घालू नका, दोघं मिळून उकरून बघा. ड्रीपरपासून वीतभर अंतरावर पेपरला छोटी चीर द्या, खुरप्याने वीतभर खोल जा आणि मूठभर माती काढा. दाबल्यावर हाताला चिकटून पाणी चमकलं, तर अजून दोन दिवस मोटरला हात लावू नका. गोळा होतो आणि अंगठ्याने दाबला की फुटतो, तर वाफसा आहे, आता पाणी द्यायला हरकत नाही. गोळाच होत नसेल तर उशीर झालाय. बेडाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी, तिन्ही ठिकाणी बघा. मामंजींच्या हाताला वाफसा तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आता फळाच्या बुडाकडे. दुकानदाराने कॅल्शियम दिलं, कारण बूड काळं पडणं हे फळाला कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण आहे. इथपर्यंत तो बरोबर. पण केजच्या काळ्या रानात कॅल्शियम कमी असण्याची शक्यता फार थोडी. बेसाल्टातून झालेली ही जमीन आहे, चुनखडीचे खडे नांगरटीला वर येतात, आणि तुमच्या बोअरच्या पाण्यातही चुनाच चुना आहे. भांड्यांना बसतो तो हाच. कॅल्शियम जमिनीत आहे, फळापर्यंत पोचत नाही.

ते पोचतं फक्त पाण्याबरोबर, मुळांकडून वर. आणि पाणी जातं तिकडे जिथून बाष्प जास्त उडतं, म्हणजे पानांकडे. फळाच्या सालीतून पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला आधीच कमी येतं. मुळं गुदमरली किंवा कोरडी पडली की सगळ्यात आधी फळाचं टोक उपाशी राहतं. तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा दोन्ही घडतं. पानांवर फवारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, तिथून फळात उतरत नाही. नेमकं कोवळ्या फळावर पडलं तर थोडा उपयोग होतो. तीन बाटल्यांचे पैसे गेले, ते सोडा.

काळी पडलेली फळं सुधारणार नाहीत. ती तोडून टाका, झाडाची ताकद तरी वाचेल. पाण्याचं वेळापत्रक बसल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ज्या नव्या फळांची सेटिंग होईल, त्यांच्यावरून ठरवा फरक पडला की नाही.

एक गोष्ट मात्र हे वाचून लगेच करू नका. पाणी एकदम तोडू नका. भारी जमीन झपाट्याने सुकली की भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात, आणि मग परत पाणी मिळालं की वाढलेली फळं तडकतात. वाफसा आला की एक दिवसाआड अडीच तास, असं सुरू करा. आठवड्याला तेवढंच पाणी होतं, जेवढं पिकाला लागतं. मल्चिंगमुळे यातूनही थोडं वाचेल. ढगाळ, थंड आठवडा आला तर दोन तासांवर या, फेब्रुवारीत ऊन वाढलं की तीनवर जा. तारखेपेक्षा मुठीतल्या मातीवर विश्वास ठेवा.

शेजारच्या गावात कुणाची मुरमाड जमीन असेल तर हे वेळापत्रक त्यांना सांगू नका. भारी जमिनीत ओलावा कांद्यासारखा आडवा पसरतो, मुरमाडात मुळ्यासारखा सरळ खाली जातो. तिथे रोज, आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, थोडं थोडंच द्यावं लागतं.

रात्रीच्या लाईटचं काय? थंडीच्या दिवसांत रात्री पाणी दिल्याने पिकाचं काही बिघडत नाही. अडीच तासांसाठी स्टार्टरला टायमर बसवून घ्या, म्हणजे मोटर आपोआप बंद होईल. ऑटो स्टार्टर एकटा असेल तर लाईट आली की मोटर चालू होते आणि जाईपर्यंत चालतच राहते. भारी रानं चिबड, म्हणजे पाणथळ, करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. खत मात्र टायमरवर सोडून झोपू नका. रात्रीच्या आठवड्यात खत द्यायचं असेल तर लाईट येण्याच्या वेळी समोर थांबावं लागेल, आणि रात्री रानात जाताना बॅटरी आणि बूट हवेतच.

आता ते पहिल्या तासाचं वाक्य. तुम्ही खत सोडता आणि नंतर पाच तास पाणी त्याच्यावरून जातं. त्यातल्या नत्राचा बराचसा भाग युरिया आणि नायट्रेटच्या रूपात असतो, आणि ही दोन्ही मातीला फारशी चिकटत नाहीत, पाणी जाईल तिकडे जातात. टोमॅटोची खाणारी मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीत असतात. तुमचं खत त्याच्या खाली गेलं. अडीच तासांच्या पाळीत पहिला पाऊण तास नुसतं पाणी, मग पाऊण ते एक तास खत, आणि शेवटी पाऊण तास पुन्हा नुसतं पाणी. पहिल्या पाण्याने नळ्या भरून दाब सारखा होतो, शेवटच्या पाण्याने नळ्या धुतल्या जातात आणि खत मुळांच्या पट्ट्यात बसतं. खत शेवटी सोडून मोटर बंद केली तर तेच खत ड्रीपरच्या तोंडाशी सुकतं. तेही करू नका.

व्हेंच्युरी, म्हणजे दाबावर खत ओढणारी नळी, खत ओढत नसेल तर बहुतेक वेळा दाबाचा प्रश्न असतो. तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडला तरच ती ओढते, म्हणून मधला व्हॉल्व्ह थोडा बंद करून बघा. फिल्टर घाण असेल तर तोही दाब खातो. फिल्टर दर पाळीला उघडून धुवा. एवढं पुरे.

खताचा हिशेब मी कागदावर मांडला. संकरित टोमॅटोला आपल्या राज्यात हेक्टरी ३००:१५०:१५० किलो नत्र, स्फुरद, पालाश देतात, म्हणजे एकरी १२०:६०:६०. गोणीवरचे आकडे याच क्रमाने टक्के असतात. तुमच्या ५०-५० किलोच्या दोन गोण्यांतून १० किलो नत्र, २६ स्फुरद, २६ पालाश गेला. १९:१९:१९ च्या साधारण अकरा मात्रा म्हणजे ५५ किलो, त्यातून प्रत्येकी साडेदहा किलो. बेरीज २०:३६:३६. शेणखताचं थोडं वेगळं. म्हणजे महागडं खत देऊनही नत्र फार मागे आहे, त्यातलाही काही भाग खाली वाहून गेला, आणि स्फुरद-पालाश बऱ्यापैकी झालं. १९:१९:१९ वाईट खत नाही, पण तिन्ही अन्नद्रव्यं सारखी लागण्याचा काळ या पिकात फार थोडा असतो. स्फुरद लागतो सुरुवातीला, मुळं धरताना. तुमचं पीक आता त्या वयातून पुढे गेलंय, आणि चुनखडीच्या जमिनीत जास्तीचा स्फुरद अडकून बसतो, शिवाय लोह आणि जस्ताच्या वाटेतही येतो. १९:१९:१९ आता थांबवा.

पहिले दोन आठवडे हलकं ठेवू, कारण मुळं आजारी आहेत. आठवड्यात एका पाळीला ५ किलो कॅल्शियम नायट्रेट एकटं, दुसऱ्या एका पाळीला ४ किलो १३:००:४५ आणि ४ किलो युरिया. नत्र कमी असूनही युरिया इतका जपून का, तर त्यातून आधी अमोनियम बनतं, आणि अमोनियम जास्त झालं की मुळं कॅल्शियम कमी उचलतात. बूड काळं पडत असताना गोणीने युरिया सोडणं म्हणजे दुखणं वाढवणं. पाणी बसलं, नवा शेंडा हिरवा निघू लागला, की आठवड्याला दोन पाळ्यांना ४-४ किलो १३:००:४५ आणि ४-४ किलो युरिया, तिसऱ्या पाळीला ६ किलो कॅल्शियम नायट्रेट. पंधरवड्यातून एकदा, युरियाच्या एखाद्या पाळीला, १३:००:४५ ऐवजी ०:५२:३४ चार किलो. हे एकरी आकडे आहेत आणि माती परीक्षणाशिवाय दिलेत. पीक निघालं की बेडातली माती आणि बोअरचं पाणी तपासून घ्या. तुमच्यापासून जवळ अंबाजोगाई तालुक्यात दीघोळअंबा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचाही सल्ला मिळतो.

कॅल्शियम नायट्रेट एकटं म्हणजे खरोखर एकटं. त्याच्या बादलीत ०:५२:३४, १२:६१:००, १९:१९:१९, मॅग्नेशियम सल्फेट किंवा ०:०:५० यातलं काहीही पडलं की खाली पांढरा साका बसतो, आणि तोच साका ड्रीपरमध्ये जाऊन दगड होतो. बादलीही धुऊन घ्या. जड पाण्यात नुसता स्फुरदही असा त्रास देतो, म्हणून नवं खत आणलं की आधी काचेच्या बाटलीत तुमच्या बोअरच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम विरघळवून दोन तास ठेवा. गढूळ झालं तर ते खत तुमच्या ठिबकचं नाही, जमिनीतून द्या.

शेंड्याची पिवळी पानं आणि हिरव्या शिरा, ही लोहाची कमतरता. इथेही जमिनीत लोह आहे, पण चुनखडी आणि सततचा ओलावा मिळून ते पिकाला लागू देत नाहीत. वाफसा आला की निम्मं दुखणं आपोआप कमी होईल. उरलेल्यासाठी दुकानात नुसतं "चिलेटेड फेरस" (विरघळलेलं राहणारं लोह) मागू नका. स्वस्त मिळतं ते ईडीटीए असतं, आणि आपल्या आठच्या वरच्या सामूच्या (पीएच) जमिनीत ते फार टिकत नाही. पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघा, महाग आहे पण आपल्याकडे काम तेच करतं. पाकिटावरच्या मात्रेने ठिबकमधून द्या. तेवढा खर्च नको असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व, संध्याकाळी फवारा. आधी चार झाडांवर मारून दोन दिवस थांबा, पानं करपत नाहीत ना ते बघा.

ड्रीपर किती पाणी देतात हे मोजलंय का? वर मी ताशी २ लिटर धरून सगळं गणित केलं, पण जड पाण्याच्या ठिबकमध्ये हे धरून चालणं धोक्याचं आहे. मेजरिंग कप घ्या, ड्रीपरखाली तीन मिनिटं धरा. १०० मिली भरलं तर ड्रीपर ठीक. पहिल्या बेडाचा पहिला आणि शेवटच्या बेडाचा शेवटचा, असे आठ-दहा ठिकाणी मोजा. शेवटी बरंच कमी आलं तर सबमेन (नळ्यांना पाणी पुरवणारा पाइप) किंवा नळ्यांच्या टोकाशी गाळ आहे, टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. सगळीकडेच कमी असेल आणि ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर असेल, तर त्यावर लिंबू पिळून बघा. फसफसलं की तो चुना आहे आणि आम्लप्रक्रिया लागेल. आम्ल सोडून नळ्यांतल्या पाण्याचा सामू चारच्या आसपास आणतात, चोवीस तास ठेवून मग धुतात. हे पहिल्यांदा ठिबकवाल्या माणसासमोरच करा, आणि शक्यतो पीक निघाल्यावर. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा. शेवाळासाठी कुणी ब्लीचिंग पावडर सांगितली तर ती वेगळ्या दिवशी. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आलं की विषारी वायू निघतो.

अशा पाण्यात क्षारही येतात. ठिबकमध्ये ते ओलाव्याच्या कडेला जमा होतात, बेडाच्या बाजूला पांढरी रेघ दिसते ती त्यांचीच. अवकाळीची हलकी सर आली की आपण खूश होऊन मोटर बंद ठेवतो, पण तेवढ्या पावसाने ते क्षार मुळांकडे ढकलले जातात. अशा हलक्या सरीत अर्धा-पाऊण तास ठिबक चालवा, क्षार परत बाहेर जातात. शेजारी हसतील, हसू द्या. मोठा पाऊस असेल तर गरज नाही.

उन्हाळी टोमॅटोचं विचारलंत. भाव मिळतो हे खरं, पण मेमध्ये आपल्याकडे बाष्पीभवन १२ मिलिमीटरपर्यंत जातं. मघाचंच गणित लावलं तर भर पिकाला एकरी रोज ४० हजार लिटर लागतं, म्हणजे तुमचं ठिबक रोज तीन तासांहून जास्त. वर दिवसाचं तापमान अडतीसच्या पुढे गेलं की फुलं गळतात, सेटिंग होत नाही. मी तुमच्या जागी असतो तर एकर लावला नसता. लावायचाच असेल तर वीस गुंठे, वर शेडनेटची सावली, आणि तेही बोअर टिकणार असेल तरच. ते आत्ताच मोजून ठेवा. २०० लिटरचं रिकामं पिंप घ्या, मोटर अर्धा तास चालू झाल्यावर पाइप त्यात सोडा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ५४ सेकंदांच्या आत भरलं तर तासाला १३ हजार लिटरच्या वर, म्हणजे आजच्या एकराला पुरतंय. जास्त वेळ लागला तर ड्रीपर कमी का देतात हेही कळेल, आणि एकराचे दोन भाग करून वेगवेगळ्या वेळी पाणी द्यावं लागेल. मार्चच्या मध्यावर तेच पिंप पुन्हा भरा. दोन्ही वेळचे सेकंद आणि पाण्याच्या तपासणीचा कागद मला पाठवा, उन्हाळी प्लॉटचं त्यावर ठरवू.